आठवी इनिंग

९ मार्च

पोचले एकदाची! अल्फारेटाहून फ्लोरिडापर्यंत एकटीने ड्राइव्ह केलं. कंबर बोलायला लागलीय. गिरीश आलाच नाही. "सव्विसाव्या वर्षी मुलं नोकऱ्या करतात, नीला." करू देत! माझा निहार बेसबॉल खेळतो, आणि यंदा पहिल्यांदाच त्याला मोठ्या टीमच्या कॅम्पला बोलावलंय. महिनाभर सरावाचे सामने, मग कोण राहणार, कोण जाणार ते ठरणार. देवा, एवढं पदरात टाक.

१० मार्च

ग्राउंड छोटंसं, गोड. पलीकडे गवताचा उतार, त्यावर लोक चादरी टाकून पसरलेले. निहार बाकावरच. पाठीवर त्र्याण्णव नंबर, नावसुद्धा नाही! मी तोंड पाडलं तर म्हणतो, "चिल, आई. मोठे प्लेअर्स निम्म्या मॅचनंतर बॅगा उचलून घरी जातात. मग आमचा चान्स."

मोठे गेले. याला काही बोलावलं नाही.

१२ मार्च

आजही नाही. शेवटच्या बॉलपर्यंत बसले. उन्हाने नाक सोलवटलंय.

गिरीशचा फोन — "खेळला?" मला काय त्याचं म्हणतो, आणि रोज विचारतो!

१३ मार्च

नवातल्या सातव्या इनिंगनंतर उठलेच. पोरगं आपलं हनुवटी हातात घेऊन बाकावर. बघवेना. म्हटलं, रोज बाहेरचं काहीबाही खातो, निदान भाड्याच्या खोलीवर गरम मसालेभात तरी पानात पडू दे. ट्रॅफिकही टळेल.

भात वाफेवर ठेवला आणि हा दारात. "पाहिलंस ना, आई? आठव्या इनिंगला बॅटिंग दिली मला."

माझ्या तोंडातून निघूनच गेलं — "पाहिलं की! काय मारलास रे तो बॉल! उभी राहून टाळ्या वाजवल्या मी."

खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, "थँक्स, आई." भात दोनदा मागून घेतला.

जळलं मेलं माझं तोंड! उद्या खरं सांगून टाकते.

१४ मार्च

नाही सांगितलं. आता कुठल्या तोंडाने सांगू?

टीमने त्याला सोडलं. सकाळी ग्राउंडवर जायला निघेचना, तेव्हा विचारलं. "संपलं, आई." काल सकाळीच मॅनेजरने आत बोलावून सांगितलं होतं. यानेच विनवलं — माझी आई आलीय, बसलीय तिथे, एकदा बॅटिंग करू द्या. माणूस भला, हो म्हणाला.

माझ्यासाठी! आणि मी खोलीवर कांदा चिरत होते. पाच वर्षं पोराने जिवाचं रान केलं, आणि शेवटचं एकदा मला दाखवायचं होतं त्याला!

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तरी ऐकलंच त्याने. दाराबाहेरून म्हणतो, "रडू नकोस ना. तू होतीस, बस झालं."

१६ मार्च

घरी आलो. गिरीशने त्याची बॅग उचलून आत नेली.

सावनीचा फोन, ॲन आर्बरहून. भावाच्या मॅचचा व्हिडिओ बघितला म्हणे. भीत भीत विचारलं, कसा खेळला गं?

"आई, तू तर तिथेच होतीस ना? तीन बॉल, तिन्ही हुकले. बॅटला लागलाच नाही."

म्हणजे दारातच कळलं होतं त्याला.