पहिला नंबर, सरळ मार्गाने

१ फेब्रुवारी
आजपासून नवं आयुष्य. एजन्सीतली नोकरी मी तत्त्वासाठी सोडली. म्हणजे त्यांनी जायला सांगितलं आणि मी वाद न घालता निघालो. वाद न घालणं हेही तत्त्वच. तिथे लोक खोटे रिव्ह्यू लिहायचे, दुसऱ्यांचे लेख उचलायचे. मी असलं काही केलं नाही. मला ते काम कुणी दिलं नाही ही गोष्ट वेगळी. दिलं असतं तरी केलं नसतं.

आता मी स्वतंत्र सर्च मार्केटिंग सल्लागार. फक्त सरळ मार्ग. क्लायंट सध्या एकच, पण घरचा. मेहुणा. बायकोचा थोरला भाऊ. सासऱ्यांनी सुरू केलेलं कुलूप-किल्लीचं दुकान चालवतो. हल्ली माणूस घराबाहेर अडकला की फोनवर 'कुलूपवाला' असं शोधतो आणि पहिला दिसेल त्याला बोलावतो. मेहुणा सातव्या पानावर दिसतो. तिथवर फक्त मी जातो.

मेहुणा म्हणाला, जावईबापू, जूनपर्यंत कळ काढतो. फोन वाजायला लागले तर ठीक, नाहीतर शटर ओढून कुठेतरी नोकरी बघतो. मी म्हणालो, एप्रिलमध्ये पहिला नंबर. बायको म्हणाली, दादाला उगाच आशा लावू नकोस. तिला या क्षेत्रातलं कळत नाही.

३ फेब्रुवारी
प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास. पहिल्या नंबरावर 'चोवीस तास कुलूपसेवा'. नकाशावर शाखाच शाखा. स्वतः पायी हिंडून पाहिल्या. पहिली शाखा म्हणजे फुलांचं दुकान. दुसरी, दातांचा दवाखाना (बाहेरच्या बाईंनी मला नंबर देऊन बसवून ठेवलं). तिसरी, मोकळा प्लॉट, आत कुत्रं. थोडक्यात एक माणूस, एक व्हॅन, बाकी सगळा नकाशा.

शेवटची शाखा शोधत शोधत घरी पोहोचलो, कारण पत्ता आमच्याच इमारतीचा निघाला. तिसरा मजला, डावीकडचं दार. तिथे आम्ही राहतो.

संताप. सर्च कंपनीकडे तक्रारीचा फॉर्म भरला. लगेच उत्तर आलं की आम्ही आपले आभारी आहोत. सुरुवात चांगली झाली.

१० फेब्रुवारी
रिव्ह्यू मोहीम. मेहुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज: आमच्याबद्दल आपलं प्रामाणिक मत लिहावं. बायको म्हणाली, 'चांगलं मत' असं लिही. मी म्हणालो, तो दबाव झाला. 'प्रामाणिक' हा शब्द ठळक केला.

१७ फेब्रुवारी
रिव्ह्यू आले.
एकाचं मत: काम नीट, पण माणूस फार कमी बोलतो. दोन तारे.
दुसऱ्याचं: किल्ली उत्तम चालते. तरी तीनच तारे देतो, कारण या जगात परिपूर्ण कुणी नाही.
तिसऱ्याने नुसतं 'ठीक' लिहिलंय.
चौथा पाच ताऱ्यांचा! भरभरून कौतुक! नाव पाहिलं तर सासूबाई. फोन करून तो काढून टाकायला लावला. नात्यातल्या माणसाने रिव्ह्यू देणं सरळ मार्गात बसत नाही, हे शांतपणे समजावलं. त्यांनी फोन ठेवला. बायकोही बोलत नाहीये. सरळ माणसाला एकटं पडावंच लागतं.

१८ फेब्रुवारी
मेहुण्याने विचारलं, हे दोन तारे कसे घालवायचे? मी म्हणालो, घालवायचे नाहीत, त्यातून शिकायचं. जरा जास्त बोलत जा. तो काहीच बोलला नाही.

५ मार्च
सापडला! मार्ग सापडला. लोकांच्या उपयोगाचं लिहा, नंबर आपोआप वर येतो. हे सगळे सांगतात, करत कुणी नाही. मी करणार. लेखाचा मथळा: 'दार बंद झालं? कुलूपवाल्याला बोलावण्याआधी हे वाचा.'

सबंध दुपार दुकानात बसून मेहुण्याला प्रश्न विचारले. त्याने किल्ल्या कापता कापता उत्तरं दिली. घाबरू नका. दुसरी किल्ली कुणाकडे ठेवलीय ते आठवा. मागची खिडकी बघा. दार आपल्याकडे ओढून धरा आणि मग किल्ली फिरवा. त्याला म्हटलं, इतकं सगळं लोकांना माहीतच नाही! तो म्हणाला, माहीत नाही म्हणून तर बोलावतात. हे वाक्य लेखात घेतलं नाही. नकारात्मक वाटलं.

९ मार्च
लेख झाला, माझ्या ब्लॉगवर टाकला. शेवटचं वाक्य तर फारच उतरलंय: 'बहुतेक वेळा कुलूपवाल्याची गरजच नसते.' वाचून मीच गहिवरलो.

खाली दुकानाचा फोन नंबर टाकला होता. मग विचार केला, अडचणीतला माणूस विश्वासाने वाचतोय आणि खाली आपण दुकान मांडून बसलोय! काढला. दुकानाचं नावही काढलं. आता लेख निर्मळ झाला.

२६ मार्च
लेख दुसऱ्या पानावर!! मेहुण्याला फोन करून सांगितलं. तो व्यग्र असावा, उचलला नाही. मागाहून कळलं, जेवून आडवा झाला होता.

८ एप्रिल
पहिला नंबर. पुन्हा लिहितो. पहिला नंबर. एकही खोटा शब्द न लिहिता. 'चोवीस तास' दुसरा. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, छान, दादाचा फोन वाजला का? मी म्हणालो, आधी नंबर येतो, मागून फोन येतात. प्रक्रिया असते.

एजन्सीतल्या जुन्या साहेबांना लिंक पाठवली. काही लिहिलं नाही सोबत. नुसती लिंक.

१९ एप्रिल
हजारो लोक लेख वाचताहेत. खाली आभारांचा पाऊस. एका बाईंनी लिहिलंय, तुमच्यामुळे कुलूपवाल्याचा खर्च वाचला, देव तुमचं भलं करो. एक गृहस्थ दर आठवड्याला बाहेर अडकायचे, आता शेजारी किल्ली ठेवतात.

महिन्याचा रिपोर्ट तयार केला. रंगीत आलेख, सगळे वर जाणारे. मेहुण्याने चष्मा लावून प्रत्येक पान पाहिलं. मग विचारलं, यात फोन कुठे वाजला? मी म्हणालो, फोन हा जुना मापदंड आहे. त्याने रिपोर्ट नीट घडी घालून गल्ल्यात ठेवला. गल्ल्यात बाकी काही नव्हतं. मला जरा कसंतरीच झालं. उन्हामुळे असेल.

२३ एप्रिल
दुपारी बेल वाजली. दारात एक बाई, हातात पिशव्या, रडवेला चेहरा. म्हणाल्या, घराबाहेर अडकलेय, चोवीस तासवाल्यांचा फोन लागत नाही, नकाशात त्यांची ही शाखा दाखवतेय.

मी त्यांना आत बसवून खोट्या पत्त्यांचा सगळा प्रकार समजावला. ग्राहकांनी सजग का राहावं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, ते खरंय हो, पण माझं दार? मेहुण्याचं नाव जिभेवर आलं होतं. आवरलं. घरच्या माणसाची शिफारस तटस्थ सल्लागाराला शोभत नाही. एवढ्यात बायको आतून आली आणि त्यांना सरळ दादाचा नंबर देऊन मोकळी झाली.

अडीच महिन्यांतलं ऑनलाइन मिळालेलं हे पहिलं गिऱ्हाईक. स्रोत अनैतिक असल्यामुळे रिपोर्टमध्ये धरलं नाही.

मेहुणा जाऊन आला. म्हणाला, कुलूप बिघडलंच नव्हतं, हँडलचा स्क्रू ढिला झाला होता, पिळून दिला. पैसे? त्याचे कसले घ्यायचे, म्हणाला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. माझ्याकडे बघून का मारला कळलं नाही.

६ मे
घात झाला. माझा लेख चोवीस तासच्या वेबसाइटवर. शब्द न् शब्द माझा! फक्त शेवटचं वाक्य बदललंय: 'तरीही दार उघडलं नाही? आम्हाला फोन करा.' खाली नंबर, हा एवढा मोठा.
अशा माणसांशी लढायलाच मी या क्षेत्रात आहे. फॉर्म भरला.

९ मे
उत्तर आलं. आम्ही आपले आभारी आहोत.

१५ मे
चोरलेला लेख पहिला. माझा दुसऱ्या पानावर. यंत्राला काय समजणार मूळ कुठलं आणि नक्कल कुठली? लवकरच समजेल. फॉर्म भरला.

२१ मे
यंत्राला समजलं. माझा लेख नक्कल आहे असं समजलं. पार दिसेनासाच झाला. सोबत एक मेल: कृपया मूळ लेखकाच्या हक्कांचा आदर करावा.

मूळ लेखकाने, म्हणजे मी, मूळ लेखकाला, म्हणजे मलाच, काय करून आदर दाखवावा हे विचारायला तिथे एकही जिवंत माणूस नाही. नंबर शोधला. त्यांच्या पानावरही फोन नंबर नाही. पहिल्यांदाच वाटलं, फोन नंबर असायला हवा. बायकोने न मागता चहा आणून दिला. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

२ जून
बायको म्हणाली, तूही टाक की दहा खोटे पत्ते, सगळे तेच करताहेत, जून उजाडला. तिचा आवाज बसला होता, रडली असावी. मी म्हणालो, हरलो तरी चालेल पण आपला मार्ग सोडणार नाही. ती म्हणाली, हरतोय दादा. तू नाही.
उत्तर सुचलं नाही. उद्या सुचेल.

३ जून
सुचलं नाही.

११ जून
मेहुण्याने शटर ओढलं. किल्ल्या कापायचं मशीन उचलायला मी आणि बायको गेलो होतो. ते फार जड आहे. पाटी तो स्वतः शिडीवर चढून काढत होता. सासूबाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून बघत होत्या, अलीकडे आल्या नाहीत. मी म्हणालो, दादा, आणखी एक महिना द्या. तो वरूनच म्हणाला, शिडी धरा जावईबापू. मी धरली. एवढं एक काम मला नीट जमलं.

१८ जून
मेहुण्याला नोकरी लागली. चोवीस तासमध्ये.
मी म्हणालो, त्या चोराकडे? ज्याने माझा लेख पळवला त्याच्याकडे?
मेहुणा म्हणाला, पळवला नाही, मीच दिला.
त्या माणसाला किल्ल्या कापता येत नाहीत म्हणे, तो मेहुण्याकडूनच कापून घ्यायचा. मे महिन्यात आला तेव्हा मेहुण्याने छापून दुकानाच्या भिंतीवर लावलेला लेख उभ्या उभ्या वाचला. म्हणाला, फार उपयोगाचं लिहिलंय, घेऊ का? मेहुणा म्हणाला, घ्या, लोकांसाठीच लिहिलंय. वर सुचवलंही, की खाली फोन नंबर टाकायचा राहिलाय, तेवढा टाका.
मग माझ्याकडे बघून म्हणाला, चुकलं का काही? तुमचं नाव मोठं होईल असं वाटलं.
चेहरा अगदी निर्मळ. ओरडायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, नाही, काही चुकलं नाही.
मग विचारलं, फोन येतात का? तो म्हणाला, श्वास घ्यायला फुरसत नाही. तुमचा लेख वाचूनच येतात सगळे.

२२ जून
मेहुण्याने तिकडे माझी शिफारस केली. लिहिणारा माणूस हवाय म्हणे. मी दोन दिवस विचार करायला मागितले. बायकोने कालच हो कळवलंय. आतून व्यवस्था सुधारायची ही चांगली संधी आहे. बाहेरून टीका कुणीही करतो.

२९ जून
पहिला दिवस. ऑफिस म्हणजे व्हॅन उभी करायच्या जागेच्या मागची खोली. मालक माणूस मनमोकळा. पहिलं काम दिलं: नवा कारागीर घेतलाय, त्याच्या नावावर रिव्ह्यू नाहीत, दहा-बारा लिहून टाका. नवा कारागीर म्हणजे मेहुणा.
मी स्पष्ट नकार दिला. मनात. मग खुर्ची पुढे ओढली.
लिहिलं: 'काम चोख. घाबरलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलतात. दार असं उघडतात की ओरखडा राहत नाही. गरज नसेल तर तसं सरळ सांगतात आणि पैसे न घेता जातात. असा माणूस घरात आला तर काळजी वाटत नाही.' पाच तारे. खाली सुचेल ते बाईचं नाव टाकलं.
वाचता वाचता डोळे भरून आले. इतके महिने लेख लिहिले, रिपोर्ट काढले, या माणसाबद्दल एक ओळ लिहायचं सुचलं नाही मला.
मालकांनाही फार आवडला. पैसे न घेता जातात, एवढं वाक्य काढा म्हणाले, लोक अपेक्षा धरून बसतात. काढलं.
बाकीचं सगळं खरं आहे. बाई तेवढी खोटी.