बाईंना द्यायचं राहिलेलं वाक्य

बाई, आज माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. माझ्या लेखातला ‘निस्तेज’ हा शब्द खोडून वर्तमानपत्रातल्या एका पोरगेल्या उपसंपादकानं तिथं ‘डल’ घातलं. फोन केला तर म्हणतो, “सर, निस्तेज आता कोण म्हणतं?” सकाळपासून तीन चहा गार झाले, बायकोवर दोनदा ओरडलो, आणि चौथ्या चहाला लक्षात आलं की माझा राग त्या पोरावर नाहीच.

दुष्काळाचं वर्ष. पुणतांब्याची शाळा, सातवीचा वर्ग. निम्म्या पोरांच्या आया खडी फोडायला जात होत्या, माझीही. तुम्ही फळ्यावर शब्द लिहिता: निस्तेज. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. गाईडमध्ये तयार वाक्य होतं, पराभवाच्या बातमीनं राजाचा चेहरा निस्तेज झाला. पण तुमचा नियम भलताच. “राजा पाहिलायस का कधी? मग पाहिलेलं सांग.” मी उठतो. वर्गाला हसवायची खोड मला तेव्हापासूनची. पुढं विनोदी लेख लिहून तिच्यावरच पोट भरलं. “हल्ली आमच्या बाई निस्तेज दिसतात.”

वर्ग खदखदून हसला. तुम्ही खडू खाली ठेवलात. छडीसाठी मी हात पुढं केलाही होता. तुम्ही म्हणालात, “अर्धं बरोबर आहे. दगडाला कुणी निस्तेज म्हणत नाही, बाळ. ज्याचं तेज आपण पाहिलंय, त्यालाच म्हणतात. मग त्याआधीचं वाक्य कुठंय? उद्या घेऊन ये.”

घरी येऊन पराक्रम सांगितला. आई तळहातावरच्या फोडांना तेल लावत होती. “बाई लई आजारी हायेत, साऱ्या गावाला ठावं हाय. तुला देवानं नुस्ती जीभच दिली व्हय रं? डोळं न्हाई दिलं?”

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवली. तिसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. नंतर कधीच नाही.

तेव्हापासून मी लोकांचं उतरलेलं तोंड छापून खातो आहे. पुढारी, साहित्यिक, व्याही, कुणाला सोडलं नाही. आधीचं वाक्य मात्र कुणाचंच लिहिलं नाही.

हे कागद आता कुठल्या टपालपेटीत टाकणार? वहीतच राहतील. तरी घ्या, बाई: ‘आमच्या बाई दारातून आत आल्या, की मागच्या बाकावरच्यालाही वाटायचं, त्या आपल्यासाठीच आल्यात.’

हे आज सुचलेलं नाही. त्याच दिवशी, शाळेतून घरी येतानाच सुचलं होतं. पण त्यावर कुणी हसलं नसतं.