जाड्या आणि वरचं तळं

ता. ४ जून १९९१

चि. धाकट्यास अ. उ. आ. वि. वि.

आमच्या मत्स्यखात्यानं अखेर ठरवलं. बाहेरून आलेला जाड्या मासा खाऊन संपवायचा. तो आपल्या रुपेरीची अंडी फस्त करतो. मोठ्या तळ्यात रुपेरी आता शोधून सापडत नाही. उरलेली मूठभर मी वरच्या तळ्यात सोडली आहे आणि राखणीला बाबांना नेमलं आहे. चाळीस वर्षं जिला पकडलं तिचीच राखण करायची, म्हणून ते रोज माझ्या नावानं खडे फोडत असतील.

तू रोज जाड्या पकड आणि गावाला खायला लाव. चिखलाचा वास येतो म्हणून लोक नाक मुरडतील. कापल्यावर तासभर मिठाच्या पाण्यात ठेवला की वास जातो. हे कळायच्या आधी एकदा केला होता, तेव्हा घरात दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. आधी तुझ्या बायकोला पटव. तिला पटलं की गावाला पटायला वेळ लागत नाही.

लोभ लहानपणीइतकाच असू दे, भांडण थोडं कमी.

तुझी ताई

ता. १२ जानेवारी १९९४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझी मिठाची युक्ती इतकी लागू पडली की गावात आता दुसरा मासा कोणी विचारत नाही. शेडमध्ये साठ बायका जाड्या कापून डब्यांत भरतात आणि ही त्यांची मुकादम आहे. घरी आल्यावर तीच मुकादमी माझ्यावर चालते. बाबा वरच्या तळ्यावर ठाण मांडून आहेत. रुपेरी वाढली, असं रोज जेवताना सांगतात. इतकं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता खरं सांगतो. जाळी हलकी येताहेत. शेड आठवड्यातून तीनच दिवस चालते. मालक म्हणाला, असंच राहिलं तर उन्हाळ्यानंतर टाळं. साठ घरांची चूल त्यावर पेटते, ताई. लहान जाड्या पाण्यात परत सोडायचा, एवढा हुकूम तुझ्या खात्याकडून काढशील का? ज्याला संपवायचं त्याच्यावरच तू आमचं पोट बांधून दिलंस.

उत्तर लवकर दे. लोभाची आठवण मी करून द्यायला नको.

तुझा धाकटा

ता. २० जानेवारी १९९४

चि. धाकट्यास अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. आपण त्याला संपवायलाच निघालो होतो ना? तो हुकूम मी काढणार नाही. रुपेरी मोठ्या तळ्यात परत आली की मासेमारी पुन्हा सुरू होईल. मधली दोन-तीन वर्षं जड जातील. हे मी इथे पंख्याखाली बसून लिहिते आहे, हेही मला कळतं.

राग माझ्यावर काढ, बाबांवर नको. लोभ मात्र सोडू नकोस.

तुझी ताई

ता. ३ सप्टेंबर १९९४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांच्या नकळत लिहितोय. शेडला टाळं लागलं, त्याच आठवड्यात मी दोन डबे जिवंत जाड्या वरच्या तळ्यात नेला, तिथे कोणी जाळं टाकत नाही म्हणून. लव्हाळ्यांआड जाळी बांधून त्यात ठेवला. बीज राखू, पुढे कुठल्यातरी डबक्यात वाढवू, शेड पुन्हा उघडेल, असं डोक्यात होतं. जाळीची भोकं मी नेहमीच्या मापानं धरली. मोठे आत राहिले, पिल्लं बाहेर पडली. आयुष्यभर जाळी विणली आणि हे मला सुचलं नाही.

काल बाबांनी ओंजळीत एक पिल्लू धरून विचारलं, हे रुपेरीचंच ना? त्यांना हल्ली नीट दिसत नाही. मी हो म्हटलं.

मला काय हवं ते बोल, पण काहीतरी कर.

तुझा धाकटा

ता. २१ सप्टेंबर १९९४

चि. धाकट्यास आ.

आम्ही जाळी टाकून पाहिली, ते तुझ्यासमोरच झालं. जाड्या तळ्यात सगळीकडे आहे. ते पाणी ओढ्यानं खालच्या सगळ्या तळ्यांत उतरतं, म्हणून मासे मारायचं औषध टाकायचं ठरलं. औषधाला जाड्या आणि रुपेरी यांतला फरक कळत नाही. आधी रुपेरी काढून टाक्यांत ठेवायची धडपड केली. एकतीस मिळाल्या, त्यांतल्या बहुतेक वाटेतच गेल्या.

हुकमावर सही माझी आहे. मासा कोणी सोडला, या रकान्यात मी ‘अज्ञात’ लिहिलं. नोकरीत पहिल्यांदा कागदावर खोटं लिहिलं. तुझ्यावर इतकी रागावले आहे की मायना लिहिताना हात अडला. बाबांना मी काही सांगणार नाही. ते तुझ्या तोंडून यायला हवं, आणि औषध टाकायच्या आधी.

आशीर्वाद आहेत, ते काही मागे घेता येत नाहीत.

ताई

ता. ९ ऑक्टोबर १९९४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

परवा औषध टाकलं. रुपेरी आधी वर आली, जाड्या सगळ्यांत शेवटी. बाबा गुडघाभर पाण्यात उतरून रुपेरी गोळा करत होते आणि दुसऱ्या पाण्यात सोडून बघत होते. मी टोपली धरून त्यांच्या मागे उभा होतो. तुझी माणसं सांगत होती की यातलं काही खायचं नाही, सगळं पुरायचं आहे.

संध्याकाळी बाबांनी तुझ्या सहीचा कागद माझ्याकडून वाचून घेतला. ‘अज्ञात’पाशी मी थांबलो. त्यांना वाटलं, अक्षर लागत नसेल. मग म्हणाले, तिला लिही. तिनंच मला राखणीला बसवलं आणि तिनंच मारलं. मी जिवंत असेपर्यंत तिनं या घरात पाऊल टाकायचं नाही.

ही दारात उभी होती. तिला सगळं ठाऊक आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी कागद घेऊन हे पत्र लिहायला बसलो.

पत्र लिहून झालं का, म्हणून बाबांनी आत्ता विचारलं आणि वाचून दाखव म्हणाले. त्यांना मी एवढंच वाचून दाखवलं, की तू येऊ नकोस.

लोभ असावा असं लिहायला आज तोंड नाही.

तुझा धाकटा