खुर्चीतला हरवलेला खिळा

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा धाकटा भाऊ बावन्नाव्या वर्षी दमेकरी झाला, हे हिनं कळवलंच असेल. आठ महिने सकाळ-संध्याकाळ पंप ओढतोय, पण ढिम्म फरक नाही. डॉक्टरांनी तीन पंप बदलले आणि आता धंदाच बदला म्हणतात. सोफ्यांच्या कापसाची धूळ बाधते म्हणे. तीस वर्षांचं दुकान बंद करून घरी बसलो तर माझ्याआधी ही गुदमरेल!

छातीचा फोटो काढायला सांगितलाय, तो मी टाळतोय. भलतंच काही निघालं तर, अशी भीती वाटते. तुला म्हणून सांगतो. छातीतली शिट्टी मात्र झकास वाजते, तीही फक्त उजवीकडून. तुझ्याकडून परतलो त्याच आठवड्यात हे सुरू झालं, तेव्हा तुझा स्वयंपाकच बाधला असावा.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
ठोक्या

१९ जानेवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतोस? तीनदा वाढून घेतलं होतंस.

त्या दिवशी काय झालं ते आठव. नेहमीसारखे तोंडात खिळे धरून तू माझी खुर्ची ठोकत होतास. मी आमच्या मुख्याध्यापकांचा केसांचा टोप पंख्यात अडकल्याची गोष्ट सांगत होते. तू हसलास, ठसका लागला, डोळे पांढरे केलेस. पाणी प्यायलास आणि मग एक खिळा कमी भरला. कापसात पडला असेल, जपून बस म्हणालास.

तेव्हापासून मी त्या खुर्चीत बसलेली नाही. नावडत्या पाहुण्यांना बसवते. एकालाही टोचला नाही! तुझं पत्र वाचलं आणि खुर्ची उसवून सगळा कापूस पिंजून काढला. खिळा नाही. गाढवा, उद्याच्या उद्या फोटो काढ.

उलट टपाली कळव.
तुझी ताई

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोटोत खिळा टोपीसकट दिसला, उजव्या बाजूला. इतका सरळ मी जन्मात ठोकला नव्हता. नळी घालून चिमट्यानं काढला. काय काम करता एवढंच नव्हे, कसं करता तेही विचारायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. बिचारे खजील झाले होते.

शिट्टी बंद, दुकान सुरू. मी कुठल्या खोलीत आहे ते आता कळत नाही, अशी हिची तक्रार आहे. खिळे डबीत ठेवतो. तोंड मोकळं राहतं, त्यामुळे गिऱ्हाइकं वैतागलीत. तुझा खिळा सोबत पाठवतोय. उकळून घेतलाय.

असाच कान धरत राहा.
ठोक्या

१० फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

खिळा पोचला. मीच ठोकला, वाकडा. त्याच खुर्चीत बसून हे लिहितेय. बसल्यावर रडूच आलं, कारण हसवलं मीच होतं ना रे तुला.

टोपाची गोष्ट अर्धीच राहिलीय. तिलाही घेऊन ये, आणि रिकाम्या तोंडानं ये.

तुझी ताई