लक्ष्मीपूजनाची सुट्टी

काकाजी, तुम्हाला काही सांगायचं राहिलं असं मला कधी वाटलं नाही. विचारायचं मात्र राहून गेलं. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. आज रविवार आहे, गोदाम बंद, सोबतचे पोट्टे सिनेमाला गेले, आणि मी टाइल्सच्या खोक्यांवर पुठ्ठा टाकून लिहून राहिलो. अक्षर पाहिलं असतं तर तुम्ही ओळखलं असतं. नववी नापास पोराला हे अक्षर तुम्हीच दिलं. इथे गुजरातेत आठ दिवसांवर दिवाळी आली आहे. हिशेब सगळा कॉम्प्युटरवर असतो, तरी पूजेसाठी लाल कापडाची नवी वही लागतेच, आणि ती काल आली. शेठने माझ्याच हातात दिली, रेघा मारून ठेव म्हणाला. इथल्या शेठने मला पूजेला कधी बोलावलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही, तेव्हा तो विषय इथे नाही. पण ती कोरी वही उघडली, नव्या कागदाचा वास आला, आणि तुमच्यावरचा राग जसाच्या तसा वर आला. मला वाटलं होतं तो संपला.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या साली तुम्ही मंडळ काढलं. तुम्ही म्हणत, आता कचेऱ्या वाढतील, दुकानं वाढतील, आणि आपले पोट्टे काय पोतीच उचलत राहतील? मंडळ म्हणजे विहाराच्या मागची खोली, दोन सतरंज्या, जुन्या वह्यांचा गठ्ठा, आणि पुढे कोणीतरी दिलेला एक कॉम्प्युटर, ज्याच्यावर तुम्ही टॉवेल पांघरून ठेवत. आपल्या समाजातल्या ज्या पोरापोरींना मुनीमकी शिकायची होती, नाहीतर एखादं दुकान टाकायचं होतं, ती तिथे येत. शिकवून झालं की तुम्ही सायकलवर टांग टाकून राइस मिलवाल्यांकडे जात आणि आमच्यासाठी शब्द टाकत. तोवर मिलच्या गादीवर आपल्या वस्तीतलं कोणी बसलं नव्हतं. आपली माणसं गादीच्या पुढून पोती नेत.

मी एका जागी बसणारा नव्हतो. तीन वेळा मंडळ सोडलं, तीन वेळा तुम्ही घरून धरून आणलं. एकदा रोकडवहीत आकडा चुकला तर मी ब्लेडने खरवडून वर नवा लिहिला. तुम्ही पान उजेडाकडे धरलं. "हे काय केलं रे?" मी म्हटलं, चुकलं होतं काकाजी, साफ केलं. "साफ? साफच करायचं तर हॉटेलात जाय, कपबशा पडल्या आहेत तिथं. वहीत चूक दिसली पाहिजे. एक रेघ मार, रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिह आन् बाजूले सही कर. ज्यानं चूक लपवली त्यानं वही मारली." सगळ्यांसमोर बोलले तुम्ही. मी चौथ्यांदा मंडळ सोडायच्या बेतात होतो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी राहिलो.

मिलमध्ये मला लावून दिलं त्या दिवशी तुम्ही तुमचा रेघा मारायचा गोल लाकडी रूळ दिला. हाताच्या घामानं काळा पडलेला. म्हणाले, "नवा घेऊन देत होतो, पण नव्याले वळण नसते." त्याच मिलमध्ये माझे बाबा हमाल होते. पहिल्या दिवशी ते पाठीवर पोतं घेऊन गादीसमोरून गेले आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "लिहा मुनीमजी, एक!" पुढच्या खेपेला, "लिहा मुनीमजी, दोन!" सगळे हमाल हसले. मी मान वर केली नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि कागदावर पडलं असतं तर शाई पसरली असती. मग तो आमचा रोजचा खेळच झाला. मला गादी म्हणजे काय ते त्या आवाजात कळलं.

आणि ती सुट्टी. मंडळाच्या दर वर्षीच्या सभेत तुम्ही ती गोष्ट सांगत. "आपण लक्ष्मी पुजत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला पोट्टा त्या दिवशी तिथं हात जोडून काऊन बसन? मी शेठलोकांले तोंडावर सांगितलं, आमचे पोट्टे वहीपूजनाले येणार नाहीत, आन् पगारही कापायचा नाही. मानलं त्यांनी!" आम्ही टाळ्या वाजवत होतो. मिलमधल्या माझ्या दुसऱ्या वर्षी तर तुम्ही मलाच उभं केलं. मी एकोणीस वर्षांचा होतो. मी म्हणालो की बाकी मुनीम त्या दिवशी शेठच्या मागे ताट धरून उभे राहतात, आपण घरी राहतो, कारण आपल्याला कणा आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मान हलवत होते. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं, काकाजी? हे मला विचारायचं आहे.

त्याच दिवाळीची गोष्ट. मी आदल्या दिवशी नव्या चारही वह्यांना तुमच्या रुळाने समास आखून ठेवले होते. सुट्टीच्या दिवशी घरी दुपारी जेवायला बसलो आणि एकदम आठवलं, की चोरखमारा गावाकडच्या एका शेतकऱ्याची काट्यावर बेचाळीस पोती उतरली होती आणि मी चोवीस लिहिली. ताटावरून उठलो. हे तुमचंच शिकवणं. सायकल काढली आणि मिलमध्ये गेलो. गादीवर नवी पांढरी चादर होती, वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूच्या माळा, आणि शेठचा साळा माझी वही मांडीवर घेऊन पहिली ओळ लिहीत होता. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. मी चप्पल काढून पायरीवर चढलो, तसा शेठ उठून दारात आला. रागावला नाही. उलट प्रेमानंच बोलला. "अरे, तू? आज तो छुट्टी है ना तेरी?" मी चूक सांगितली. म्हणाला, "कल कर लेना, भाग थोडी रहा है." मी म्हटलं, दोनच मिनिटं लागतील शेठजी, वही आतच आहे. तेव्हा त्याने दारावर हात ठेवला. "बेटा, समझा कर. साल भर तू बैठता है, किसी ने कुछ बोला? एक आज का दिन नहीं. घर की औरतें रहती हैं, पंडितजी रहते हैं. तेरे काकाजी से पहले ही दिन बात हो गई थी. उन्होंने ही बोला, छुट्टी दे दो, लड़कों को बुरा भी नहीं लगेगा. समझदार आदमी है."

मग त्याने आतून मिठाईचा डबा मागवला आणि माझ्या हातात दिला. लाल डबा, वर सोनेरी दोरी. मी तो घेतला. काऊन घेतला ते मला आजही माहीत नाही. हात पुढे झाला.

तुमच्या घरी आलो तर तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून वालाच्या शेंगा सोलून राहिले होते. काकी चुलीपुढे. मी डबा ठेवायला जागा पाहिली तर फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी, अगदी तसाच लाल डबा होता. दोरी सुद्धा सोडलेली नव्हती. मी माझा डबा त्याच्याशेजारी ठेवला. तुम्ही दोन्ही डब्यांकडे पाहिलं आणि शेंगा सोलणं थांबलं. काही विचारावंच लागलं नाही.

"कोणी सांगितलं?"

"शेठनं. तुमची तारीफ करत होता."

काकी वळल्या. "कायची तारीफ?" तुम्ही खाली पाहून नाही, माझ्याकडे पाहून बोलले. एवढं मात्र खरं. "तो म्हणाला, बाकी सगळे दिवस बसू दे, एक दिवस नको. मी हो म्हटलं. तीनशे चौसष्ट दिवस घेतले आन् एक दिला. तूच हिशेब कर, महाग पडला का?"

"मग आमाले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गेला असता तू कामाले?"

"नसतो गेलो! नाहीतर गेलो असतो. पण मी ठरवलं असतं ना, काकाजी. तुम्ही आमाले विकत घेतलेली वस्तू जिंकून आणली म्हणून दाखवली. आमच्या प्रतिज्ञा त्याच्यावर कागदासारख्या गुंडाळल्या. आन् मले उभं करून भाषण कराले लावलं!"

तुम्ही म्हणाले, "आवाज खाली कर." एवढंच. मी म्हटलं, "चूक लपवायची नाही म्हणत होते ना तुम्ही? ब्लेड घेऊन खरवडलं की तुम्ही!" त्यावर तुम्ही पुन्हा शेंग हातात घेतली. काकींनी माझ्यापुढे ताट ठेवलं. "जेवून घे बापू, मग भांड," म्हणाल्या, आणि तुमच्याकडे न पाहता म्हणाल्या, "मले तरी कुठं सांगितलं होतं यायनं. मी चार घरी सांगत फिरली, आमच्या माणसानं सुट्टी आणली म्हणून." मी जेवलो नाही. त्याचं वाईट वाटते. त्यांचा काही दोष नव्हता.

घरी बाबांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, उद्या सगळे हमाल काम बंद करतील, काय काय वाटलं. बाबा बिडी विझवून म्हणाले, "मले माहीत होतं बे. साऱ्या हमालांले माहीत आहे. आमाले तर त्या दिवशी फाटकावरच बक्षिसी देतात." मी म्हटलं, मग तुम्ही? ते म्हणाले, "तू गादीवर बसला होता ना." म्हणजे साऱ्या गोंदियाला माहीत होतं, फक्त कणा असलेल्या आम्हा पोट्ट्यांना नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये गेलो. चोवीसवर एक रेघ मारली, वर बेचाळीस लिहिलं, बाजूला सही केली. त्या वहीतलं माझं शेवटचं अक्षर ते. मग चादरीवर किल्ली ठेवली आणि निघालो. त्या दिवशी बाबांनी पोतं नेताना काही म्हटलं नाही. मागून कळलं, तुम्ही मंडळात सांगितलं की पोरगा हुशार होता पण उनाड, टिकत नाही कुठं. खरी गोष्ट तेव्हाही सांगितली नाही. उलट माझ्या जागी दुसरा पोट्टा लावून दिला आणि त्यालाही सुट्टीची तीच गोष्ट सांगितली. एक वेळ पहिली गोष्ट मी सोडून दिली असती. ही सुटत नाही. तुम्हाला एकदा चूक दाखवली होती, दुरुस्तीला जागा होती, सही करायला हात होता. तुम्ही पान उलटवलं.

त्यानंतर मी नागपूर केलं, हैदराबाद केलं, मग इकडे आलो. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी ट्रक उतरवून घेत होतो. आलो नाही. तिकिटाला पैसे नव्हते असं मी घरी सांगितलं, पण होते. पुढे तुमच्या स्मृतिसभेत म्हणे चार जणांनी भाषणं केली आणि चौघांनीही सुट्टीची गोष्ट सांगितली. आता तिथे आपली बरीच पोरं-पोरी गाद्यांवर बसतात, एक पोरगी तर टॅक्सचं काम स्वतःच्या ऑफिसात करते, बाहेर तिच्या नावाची पाटी आहे. तुमचा हिशेब जुळला, काकाजी, हे मी नाकारत नाही. कधी कधी वाटते, तुम्ही तो एक दिवस दिला नसता तर बाबांच्या तोंडून "लिहा मुनीमजी" मी ऐकलंच नसतं. मग वाटते, ते ऐकायला मला जी किंमत पडली ती तुम्ही परस्पर माझ्या नावावर टाकली, आणि मला पावती सुद्धा दाखवली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. काकी आता मुलीकडे राहतात, त्यांच्या हाती पडलं तर त्या पुन्हा ताट वाढून वाट पाहतील.

पण बंद करण्याआधी वरची एक ओळ दुरुस्त करायची आहे. मी लिहिलं की इथल्या शेठने मला पूजेला कधी बोलावलं नाही. ते बरोबर नाही. मागच्या दिवाळीला त्याने बोलावलं होतं. सगळे बसले होते, त्याने वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "पहली लाइन तू लिख, भाई. तेरे अक्षर मोती जैसे हैं." इथे मला सगळे महाराष्ट्रवाला म्हणतात, आडनाव कोणाला माहीत नाही. मला वाटलं, आज पेन हातात घेतलं आणि उद्या कोणाला आडनाव कळलं तर? मी घाबरलो. आणि चांगली ताठ मान करून म्हणालो, "हमारे में नहीं चलता, शेठ. हम लक्ष्मी नहीं पूजते." शेठ म्हणाला, वा, उसूल का पक्का है. काल वही देताना म्हणाला, या दिवाळीला सुट्टी घे, पगार कापणार नाही.

ती वरची ओळ खरवडली नाही. तुमच्या रुळाने तिच्यावर एक रेघ मारली आहे, रेघेखालचं सगळं वाचता येते. बाजूला सही केली आहे. पूर्ण नावाची, आडनावासकट.