घाणेरीच्या वाटेचा कोयता आणि त्याचा वारस

मी, मंदाकिनी यज्ञेश्वर सहस्रबुद्धे, निवृत्त शिक्षिका, राहणार वारजे, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. मला दबावाखाली आणणारा माणूस अजून या सोसायटीत राहायला आलेला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही, ते बरेच झाले. आज खंडेनवमी, कोयता पूजेत बसला आहे, म्हणून मला लिहायला सवड आहे.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेवी माझा मुलगा केयूर यास मिळाव्यात. दागिने सून स्पृहा हिला. तिने ते मोडून डोंगरावर चालायचे चांगले बूट घेतले तरी माझी हरकत नाही.

कलम २. केयूरने मला ऑनलाइन मागवून दिलेला चकचकीत कोयता त्यालाच परत मिळावा. त्याच्या पाठीला करवतीसारखे दात आहेत, ते कशासाठी हे कोणालाच सांगता आलेले नाही. माझा जुना कोयता "आईची आठवण" म्हणून भिंतीवर लावायचा त्याचा विचार आहे, असे कानावर आले. त्याने हा नवा लावावा. दिसायला फार छान आहे आणि त्याला दुसरे काही काम जमत नाही.

कलम ३. आता जुन्या कोयत्याविषयी. आमच्या मागच्या टेकडीवरची वाट दर पावसाळ्यात घाणेरीची काटेरी झुडपे गिळून टाकतात. वनखात्याला विचारून ती मोकळी करायचे काम यजमान आणि मी लग्नानंतर लवकरच अंगावर घेतले. कोयता घ्यायला लोहाराकडे गेलो तेव्हा ह्यांनी सगळ्यांत लांब आणि जड उचलला. मी म्हटले, "अहो, आपण वाट साफ करणार आहोत, लढाईला निघालेलो नाही." ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे पोलाद, आखूड पाते, टोकाकडे थोडा भार, आणि मूठ घामाने निसटणार नाही अशी, हे बघून मी निवडला. कोयता घेताना तो दिवसभर हातात धरायचा आहे हे लक्षात ठेवावे. दुकानात सगळेच हलके वाटतात.

धार लावायची ती अशी. पाते घट्ट अडकवावे, कानस एकाच दिशेने सावकाश फिरवावी, मग ओल्या दगडावर दोन्ही बाजूंनी सारखे घासावे. दाढी करण्याइतकी धार नको. खाली दगड असतात, पातळ धारेचे लगेच तुकडे पडतात. धार बघायला बोट लावू नये, कागद कापून बघावा. शेवटी तेलाचा हात फिरवावा.

कलम ४. शेजारी श्री. हिंमतराव वानखडे, मूळचे अकोल्याचे, खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त, यांच्याविषयी माझी तक्रार नोंदवून ठेवते. यजमान गेले त्या वर्षीच्या खंडेनवमीला हिंमतरावांनी माझा कोयता पूजेसाठी म्हणून नेला आणि प्रेमापोटी रस्त्यावरच्या विजेच्या चाकावर धार लावून घेतली. ना पाणी, ना थांबणे. धार तापून निळी पडली, पोलादाचे पाणी उतरले, म्हणजे धार धरण्याइतका कडकपणाच गेला. परत देताना म्हणाले, "वहिनी, पाहा, कसा आरशावाणी चमकून राहिला." मी "वा" म्हणाले. इतकी वर्षे पुण्यात राहूनही त्या "वा"चा अर्थ त्यांना उशिराच कळला. खालचे चांगले पोलाद लागेपर्यंत मी कानस घासत बसले, पाते चांगलेच अरुंद झाले. तेव्हापासून कोयता कुलपात असतो.

कलम ५. मात्र हेही लिहिले पाहिजे. त्या वर्षी मी घराबाहेर पडत नव्हते. वाट बुजली असणार, आम्ही दोघे जिथे बसून चहा प्यायचो तो कातळही गेला असणार, असे धरूनच होते. दिवाळीनंतर कशीबशी चढले, तर वाट कातळापर्यंत मोकळी. परत देण्याआधी हिंमतरावांनी त्या बोथट, निळ्या कोयत्याने एकट्याने सगळी घाणेरी काढली होती. कोयता परत देताना त्यांच्या हाताला फोड दिसले होते, ते कशाचे हे मला तिथे कळले; बोलले ते एका शब्दाने नाहीत. मी त्या कातळावर बसून पोटभर रडले. त्यानंतर मला बरे वाटू लागले.

कलम ६. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मी हिंमतरावांना बोलावले नाही, म्हणून ते चार दिवस माझ्याकडे चहाला आलेले नाहीत. निळ्या धारेचा राग मी अजून धरला आहे असे त्यांनी शौनकला, म्हणजे त्यांच्याच नातवाला, सांगितले. राग धरलेला आहेच. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. म्हणून कोयता, कानस, दगड आणि कुलपाची किल्ली श्री. हिंमतराव वानखडे यांस. टेकडीवरची वाट त्यांनी व त्यांच्यानंतर त्यांना पटेल त्याने मोकळी ठेवावी. कोयता विजेच्या चाकाजवळ नेल्यास हे कलम रद्द.

मी गेल्यावर हे त्यांना कळून काय उपयोग, म्हणून आत्ताच बोलावून वाचून दाखवले. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या देखत एक डाव धार लावून पाहू का?" कानस त्यांच्या हातात दिली आहे. कोयता उद्या, पूजा उतरल्यावर. चहा दोघांनी घेतला.

स्थळ : वारजे, पुणे
दिनांक : १ ऑक्टोबर २०२५

(सही) मंदाकिनी यज्ञेश्वर सहस्रबुद्धे

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही, हे बाईंनी दोनदा सांगितले.
१. (सही) सुहासिनी गोडबोले
२. (सही) सुदर्शन काळभोर