सहाव्या पेपरला एक कमी

३ जुलै, गुरुवार. रोहा.
प्रमोशनचा फॉर्म आला. त्यात रकाना: एच-इंडेक्स, निदान सहा. पेपरांचे दाखले मोजणाऱ्या साइटवर माझा चार. चार! खाऱ्या जमिनीतल्या भातामागे पंधरा वर्षं घासली, आणि चार. मुदत ११ तारखेची. यंदा हुकलं तर पुन्हा जाहिरात कधी निघेल, देव जाणे.

५ जुलै, शनि.
पेणला माहेरी. एसटी वाटेत गडब गावाला अर्धा तास उभी. आबांनी विचारलं, कसला आकडा? जन्म मिठागरात गेलेला माणूस, म्हणून मिठाचे ढीग घेऊन सांगितलं. एक पेपर म्हणजे एक ढीग. दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा दाखला दिला की त्यात एक टोपली. मोठ्यापासून लहानाकडे रांग लावायची. चौथ्या ढिगात निदान चार टोपल्या हव्यात, पाचव्यात निदान पाच. जिथे कमी पडेल त्याच्या आधीचा आकडा आपला.
आबा म्हणाले, "मंजे एकच डोंगर लावून उपेग नाय." माझ्या एम.एस्सी.च्या पोरांना हे दोन तासांत कळत नाही.
मग म्हणाले, "आनि आपल्या शेताचा त्यो पयला ढीग कुठं हाय गो?"
आमच्याच खाऱ्या शेतावर लिहिलेला माझा पहिला पेपर. यादीत तो नव्हताच.

७ जुलै, सोम.
सापडला. कुंदा म्हात्रे या माझ्या माहेरच्या नावाखाली. लग्नात नितीनने ताटातल्या तांदळात अंगठीने 'मृणाल' लिहिलं. मग गॅझेट, बँक, आधार सगळं बदलून घेतलं. छापून गेलेले पेपर कोण बदलणार? लग्नाआधीचे तीन निघाले: २१, ११, ५. आताच्या यादीत १४, ९, ६, ४ आणि खालचे किरकोळ. रांग लावली: २१, १४, ११, ९, ६, ५. पाचव्याला सहा, चालतं. सहाव्याला पाच.
म्हणजे इंडेक्स पाच. एका दाखल्याने अडलं, आणि तेही शेताच्या पेपरवर.
तरी खरं सांगायचं तर दिवसभर हवेत होते. कुंदाच्या एका पेपरला एकवीस! चोवीस वर्षांची पोरगी होती ती, गुडघाभर चिखलात.

८ जुलै
साइट विचारते, हा पेपरही तुमचाच का? के. जी. म्हात्रे. हृदयाच्या झडपा. दाखले तीस. 'हो' म्हटलं की रांग एकाने सरकते, सहाव्या जागी सहा दाखल्यांचा पेपर येतो. इंडेक्स सहा.
नितीन म्हणाला, पेणात दगड भिरकावला तरी म्हात्र्यालाच लागेल, कोण तपासतंय?
'हो' केलं. दुपारभर सहा होता. दोनदा उघडून बघितला, बरा दिसत होता. मग चहा करताना आठवलं, मिठागरात उघड्यावर ढीग पडलेले असायचे, राखण नाही, तरी दुसऱ्याच्या ढिगातली टोपली कुणी उचलत नसे. काढून टाकला. नितीनशी जेवेपर्यंत अबोला.

१० जुलै, गुरु.
फॉर्म दिला. पाच लिहिलं. सोबत पत्र, दोन्ही नावांचे पेपर, लग्नाचा दाखला. प्राचार्य चष्मा काढून म्हणाले, बाई, उद्यापर्यंत वेळ आहे, बघा काही जमतंय का. म्हटलं, सर, एवढेच माझे आहेत. आवाज जरा चढलाच. चढू दे.
आबांना फोन. कोणता ढीग कमी पडला, विचारलं. सांगितलं, आपल्या शेताचा, पाचच जणांनी दाखला दिला.
पलीकडे रेडिओ बंद झाला. मग, "पाच जनांनी? आपल्या शेताचा? कुनी एकजन इचारील असा बी मना वाटला नव्हता."
फोन ठेवून रडले. आनंदानेच.

११ जुलै
मुदत संपली. समिती पाचाला उभं करते की दारातूनच परत पाठवते, कळेल. साइटवर नाव नीट केलं, आता दोन्ही दिसतात. नितीनने विचारलं, आधी कुठलं लिहिलंस?
कुंदा.
उठला. आज चहा त्याने केला.
शेताच्या पेपरला अजून पाचच. सकाळी बघितलं, आत्ताही बघितलं.